दगडापासून दोन मीटर

१

लहानूला दवाखान्यात नेलं होतं. नेऊन उपयोग नाही हे नेणाऱ्यांनाही माहीत होतं. त्याचा टिकाव मात्र चरातच पडून होता. दांडा वरपर्यंत काळा पडला होता आणि पात्याचं टोक मेणबत्तीसारखं ओघळलं होतं. जळक्या रबराचा वास शेजारच्या मळ्यात मोगऱ्याच्या वाफ्यांपर्यंत गेला होता.

छाया बोरस्ते चराच्या काठाशी उभी होती. गंगापूर रस्त्याच्या या टोकाला एवढी गर्दी तिनं कधी पाहिली नव्हती. नेहमीच्या जागी लावता येईना म्हणून स्कूटी पलीकडच्या बाजूला ठेवून ती माणसांतून वाट काढत आली होती. तिच्याकडे वळलेली प्रत्येक मान तिला जाणवत होती. खोदाईच्या परवानगीवर सही तिची होती.

त्या वर्षी, दोन हजार एक साली, शहरात इंटरनेटची काचेची तार टाकायचं काम निघालं होतं. तार टाकायची तर रस्त्याची कड खोदायची, आणि खोदायची तर पालिकेची परवानगी हवी. परवानगीआधी सगळ्यांनी मिळून जागा पाहायची, ही पद्धत. छाया पालिकेची कनिष्ठ अभियंता. तिनं, वीजखात्याच्या लाइनमननं आणि तारवाल्या ठेकेदाराच्या सुपरवायझरनं मिळून ही जागा पाहिली होती. रस्त्याकडेला विजेच्या जमिनीखालच्या केबलची खूण म्हणून एक दगड होता. केबल बरोबर त्या दगडाखालून रस्त्याला समांतर जात होती. छायानं परवानगीत लिहिलं होतं : खुणेच्या दगडापासून दोन मीटर, मळ्याच्या बाजूला.

आता तिनं टेपचं टोक दगडाला टेकवलं आणि फीत चरापर्यंत ओढली. आकड्यावर विश्वास बसेना म्हणून दोनदा मोजलं.

दोन मीटर. तंतोतंत.

आणि तिथेच, चराच्या तळाशी, फाटलेली केबल काळं तोंड वासून पडली होती.

"मोजून झालं का, मॅडम?" मागून वीजखात्याचा साहेब ओरडला. "आता हेही सांगा, देवापासून मोजायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

छायानं मान वळवून दगडाकडे पाहिलं. इतका वेळ तिचं लक्ष फक्त टेपच्या आकड्यांवर होतं.

दगड केशरी होता. पायापासून माथ्यापर्यंत शेंदूर माखलेला, वर मोगऱ्याचा गजरा. पाहणीच्या दिवशी इथे एक उघडा, राखाडी दगड होता आणि त्यावर विजेचा बाण कोरलेला होता. हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

की पाहिलं नव्हतं?

२

विजेनं माणूस गेला की चौकशी विद्युत निरीक्षक करतो. त्याच्या अहवालावर पोलीस ठरवतात, गुन्हा कुणावर. निरीक्षक रंगनाथ गायधनी निवृत्तीला आलेले, काटकुळे गृहस्थ होते. उन्हाची छत्री आणि एकच प्रश्न घेऊन ते फिरत. समोरच्याचं बोलणं संपलं की थोडं थांबून विचारत, "मग?" आणि समोरच्याला आणखी बोलावं लागे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली खुर्ची टाकली. पहिला लाइनमन सावळीराम.

"तो दगड आमच्या खात्याचा नाय, साहेब. तो म्हसोबा हाय."

"सावळीराम!" छायाच्या तोंडून निघालं. "तुम्हीच तर त्या दिवशी हात लावून दाखवलात. मॅडम, ही आपली खूण, म्हणालात."

सावळीरामनं तिच्याकडे पाहिलं नाही. बोटांनी टोपीची कड चोळत राहिला. "ऊन लय होतं त्या दिवशी. मी नीट बघितलं नसंल."

"मग?" गायधनी म्हणाले.

"मग काय साहेब. आमची खूण कुटं गेली, आमाला म्हाईत नाय. इथं रस्ता रुंद केला तवा वरली माती खरवडून नेली. केबल पार वर आली. तवाच खूण बी गेली असंल."

"केबल वर आलीय हे तुमच्या साहेबांना सांगितलं होतं?"

टोपीची कड चोळणारी बोटं थांबली. छायाला एकदम कळलं, हा माणूस तिच्याइतकाच घाबरलेला आहे. दगड खात्याचा म्हटला की चुकीच्या जागच्या खुणेचा आणि वर आलेल्या केबलचा जाब त्यालाच विचारतील. दगड देवाचा म्हटला की जाब तिला.

गायधनींनी छत्री मिटली. "बोरस्तेबाई, परवा सकाळी माझा अहवाल जाईल. आज मी लिहायला बसलो तर काय लिहीन, ठाऊक आहे? पालिकेच्या अभियंत्यानं देवाला खूण समजून मोजणी केली. एक माणूस गेला."

"साहेब, तो दगड उघडा होता."

"मग?"

छाया मळ्याकडे चालू लागली.

३

मळा कुसाबाईंचा होता. मळ्याची कड खोदायला त्यांचा पहिल्यापासून विरोध होता. त्या फुलं खुडत होत्या. छायानं बांधावरूनच विचारलं, "मावशी, हा म्हसोबा कधीपासूनचा?"

"देव कवापासून हाय असं इचारत्यात का, पोरी?"

"पण तुम्ही फुलं कधीपासून वाहता?"

कुसाबाईंनी परडी खाली ठेवली. "खरं सांगू? मी त्याच्या अंगावर शेंदूर बघितला तो इथं काम लागायच्या आदल्या सकाळी. म्हणलं, कुणाच्या तरी सपनात आला असंल. शेंदूर लागला की देव. आपण फुलं वाहायची. तू टेप लावलीस त्याला?"

"लावली."

"अगं बाई!" त्यांनी तोंडावर हात ठेवला. "मग त्या लहानूला त्यानंच नेला. आता तुझ्या मागं लागंल. नारळ दे त्याला." मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "पण लय कडक देव हाय हं. फुलं वाहताना पदराला शेंदूर लागला, तर साबणानं बी निघंना. चिकटतोय नुसता. माज्या घरच्या मारुतीचा शेंदूर असा नाय."

छाया विज्ञान शिकलेली होती. देव मागं लागतो यावर तिचा विश्वास नव्हता. तरी त्या दगडाच्या बाजूनं जाताना तिनं पाऊल दूर टाकलं, आणि आपण ते टाकलं हे लक्षात येताच तिला जास्तच भीती वाटली. जो दगड उघडा होता असं मी म्हणते, तो उघडा नव्हताच, असं झालं तर? थकव्यात माणसाला काय काय दिसतं. सावळीरामला आठवत नाही. मावशींना फक्त शेंदूरच आठवतो. उघड्या दगडाची आठवण साऱ्या जगात तिच्या एकटीच्या डोक्यात होती.

कचेरीतलं काम आटोपून ती आवारात आली तेव्हा स्कूटीच्या सीटवर काहीतरी केशरी दिसलं. मघाशी ती कचेरीत गेली तेव्हा नव्हतं.

लिंबू होतं. आडवं चिरलेलं, आत टाचण्या खोचलेल्या, वर शेंदूर थापलेला.

तिनं आजूबाजूला पाहिलं. चहाच्या टपरीवरची माणसं चहाच पीत होती. तिनं दोन बोटांनी लिंबू उचलून गटारात टाकलं आणि घरी जाईपर्यंत ती दोन बोटं हँडलला लागू दिली नाहीत.

घरी साबण लावला. केशरी डाग जाईना. पुन्हा लावला. कातडं लाल होईस्तोवर घासलं. शेवटी सासूबाईंनी स्टोव्हजवळची रॉकेलची बाटली पुढे केली. एका बोळ्यात बोटं स्वच्छ झाली.

छाया त्या बोळ्याकडे बघत राहिली. असंच कधीतरी, कुठेतरी, रॉकेलनंच बोटं पुसली होती. कुठे, ते आठवेना.

४

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर शेखर स्वतःच कचेरीत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, आवाज नेहमीसारखा मऊ.

"मॅडम, तुमची काळजी वाटते म्हणून आलो. तुम्ही लिहून द्या, नजरचुकीनं झालं. आमची कंपनी वकील देईल. बाई माणूस, कोर्ट समजून घेतं."

"आणि नाही दिलं तर?"

"तर तो निरीक्षक लिहीलच की. शिवाय लोक काय बोलतायत, कानावर आलं असेल. देवाला टेप लावली म्हणतात. लोकांना आपण काय सांगणार?" तो हसला. "सांभाळून राहा, मॅडम. स्कूटीवरून एकट्याच येता-जाता."

तो गेल्यावर छायानं पाण्याचं भांडं उचललं.

हाच शेखर पाहणीनंतर दोनदा येऊन गेला होता. मॅडम, तुमच्या लाइनीत सगळा कातळ आहे. ब्रेकर लावल्याशिवाय फुटणार नाही, आणि ब्रेकरची परवानगी वाहतूक शाखेत अडकलीय. मे संपला की तुम्ही खोदाई बंद करता, मग दिवाळीपर्यंत आम्ही काय करायचं? लाइन थोडी रस्त्याकडे घ्या. छायानं नाही म्हटलं होतं. रस्त्याकडे केबल आहे. मग तिला चुचकारायला त्यानं जीपमधून तारेचा तुकडा काढून सोलून दाखवला होता. बघा मॅडम, केसाएवढी काच, यातून सगळं जग येणार. तार सोलायचं काम तो मजुरांना कधी करू देत नसे. तारेतलं पाणी अडवणारं पारदर्शक जेल तिच्या बोटांना लागलं होतं आणि...

छायानं भांडं खाली ठेवलं.

...आणि त्यानंच जीपमधून रॉकेलचा बोळा काढून दिला होता.

ती तडक लहानूच्या पालावर गेली. त्याची बायको ठमाबाई पेठच्या बाजूची. नवऱ्याबरोबर तीही चरावर राबायची. डोळे कोरडे ठणठणीत होते.

"ताई, तू मोजलंस म्हणं."

"मोजलं होतं. ठमाबाई, त्या सकाळी लहानू काय म्हणाला?"

"खूश व्हता. आदल्या आठवड्याभर पलीकडच्या चरात नुसता कातळ, हाताला फोड आलं. त्या सकाळी चुन्याच्या रेघेवर टिकाव मारला तं लोण्यावानी गेला. म्हणला, ठमे, आज देव पावला, माती मऊ लागली."

तिच्या लाइनीत मऊ माती नव्हतीच. तिथे मऊ माती फक्त एकाच जागी असू शकत होती : जिथे आधी कुणीतरी खोदून पुन्हा बुजवलं होतं. केबलवर.

पण चर दगडापासून दोन मीटरवरच होता. तिनंच मोजला होता. दोनदा.

५

अहवालाच्या दिवशी गायधनींनी सगळ्यांना जागेवर बोलावलं. छाया लवकर पोचली. रस्ता मोकळा होता, बघे पांगले होते. सवयीनं तिनं पाहणीच्या दिवशी लावली होती तिथेच स्कूटी वळवली, डांबर सोडून आडवी.

पुढचं चाक दगडावर धडकलं.

ती पडता पडता राहिली. क्षणभर तिला वाटलं, देवानं अडवलं. ती तशीच उभी राहिली. मग हळूहळू दुसराच विचार आला, आणि तो भीतीहून थंड होता.

पाहणीच्या दिवशी स्कूटी इथेच होती. डांबर आणि दगड यांच्या मधे. अख्खी, आडवी.

आज तिथे चाकापुरतीही जागा नव्हती.

"साहेब," गायधनी छत्री घेऊन उतरले तेव्हा ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "माझी मोजणी बरोबर आहे. दगड चुकीचा आहे. तो रस्त्याकडे सरकवलाय."

"मग?"

"जेवढा सरकवला तेवढाच चर सरकला. चुन्याची रेघ खोदायच्या सकाळी ठेकेदाराची माणसं मारतात, परवानगीत लिहिलेल्या अंतरानं. मी टेप घेऊन तपासणार, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून अंतर कुणी बदललं नाही. ज्यापासून मोजायचं तेच बदललं."

"आणि दगडाची जुनी जागा?"

"ती केबलच्या बरोबर वर होती. म्हणजे आता चरात गेली. लहानूनंच खोदून टाकली."

शेखर पुढे आला. "साहेब, देव कुणी सरकवतं का? इथे शंभर माणसं सांगतील..."

"उपटून बघू," छाया म्हणाली.

मजूर मागे सरले. सावळीरामनं हात पाठीमागे नेले. "मॅडम, देवाला हात लावू नका," शेखर घाईनं म्हणाला. "एक जीव गेलाय." त्याच्या कपाळावर घाम होता. पण घाम सगळ्यांच्याच कपाळावर होता.

कुसाबाई बांधावरून उतरल्या. कमरेचा विळा काढला, परडीतला नारळ दगडापुढे फोडला, हात जोडले. "देव असशील तर माफ कर. नसशील तर बघू दे." आणि छायाला म्हणाल्या, "धर पोरी. मी हाय."

छायानं दोन्ही हात दगडाला लावले. शेंदूर गार आणि बुळबुळीत होता. जर आत काहीच निघालं नाही, तर आजच संध्याकाळी पोलीस घरी येतील. सासूबाई दार उघडतील. तिनं डोळे मिटून दगड हलवला. वर्षानुवर्षं रुतलेला दगड असा हलत नाही. हा दुखऱ्या दातासारखा हलला आणि वर आला.

मातीतला भागही केशरी होता. पार बुडापर्यंत.

६

"बघा," छाया म्हणाली. "जमिनीत उभ्या दगडाला शेंदूर लावला तर तो मातीपाशी थांबतो. मातीखाली कुणी लावत नाही, लावता येतही नाही. हा आधी माखला आणि मग पुरला. रस्त्याकडेला बसून माखत राहिलं तर लोक बघतील. म्हणून दगड नेला, दुसरीकडे माखला, आणि आणून पटकन रोवला. शेंदूर लागलेला दगड पुन्हा कुणी हलवत नाही. बाणही झाकला गेला."

तिनं विळ्याच्या पाठीनं शेंदूर खरवडला. राखाडी दगडावर कोरलेला विजेचा बाण उघडा पडला. सावळीराम मटकन खाली बसला. "आमचाच हाय, साहेब. त्या दिवशी उघडाच व्हता. म्या भ्यालो. केबल वर आली ते म्या कळवलं नव्हतं."

"मग?" गायधनी म्हणाले. पण ते छायाकडे बघत होते.

"कुसामावशींनाही मळ्याची कड खोदलेली नको होती," छाया म्हणाली. "सावळीरामला स्वतःची चूक लपवायची होती. पण या दोघांच्या घरी देव आहेत. शेंदूर तेलात कालवतात हे त्यांना शिकवावं लागत नाही. मजुराच्या पालातसुद्धा वाटीभर तेल असतं. तेलातला शेंदूर दगडात मुरतो, त्याला मुंग्या लागतात. या दगडाला इतक्या दिवसांत एक मुंगी लागली नाही. मावशींच्या पदराचा डाग साबणानं निघाला नाही, आणि माझ्या स्कूटीवर ठेवलेल्या लिंबाचाही. तो रॉकेलनं निघतो. ते तेल नाही. ते तारेतलं जेल आहे, आणि ते एकाच माणसाच्या जीपमध्ये असतं. त्याच माणसाला कातळ टाळून मऊ माती हवी होती, मे संपायच्या आत."

सगळे शेखरकडे वळले.

"केबल मीटरभर खाली असते," शेखर म्हणाला. मऊ आवाज कुठेतरी गेला होता. "सगळीकडे असते! आमचा चर तेवढा जातच नाही. वरच्या वर निघून गेलो असतो. मला काय माहीत इथली माती खरवडलीय? मारायचं नव्हतं कुणाला. फक्त... परवानगी संपत होती."

"तेल का नाही घेतलंत?" कुसाबाईंनी विचारलं. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. "शेंदूर इकत आणला, मग वाटीभर तेल का नाय?"

शेखरनं जीपकडे पाहिलं. जीपमध्ये जे हाताशी होतं ते त्यानं घेतलं होतं. गायधनींनी छत्री उघडली आणि त्याला जीपकडे नेलं. जाताना छायाकडे वळून म्हणाले, "घरी जा, बोरस्तेबाई. आज कुणी येणार नाही."

ती गेली नाही. केबल दुरुस्त झाल्यावर, चर बुजवल्यावर, दगड आपल्या जागी रोवायला ती पुन्हा आली. सावळीरामनं तो घासून स्वच्छ केला होता. ठमाबाई गावी निघाली होती. गाठोडं घेऊन ती रस्त्याकडेला थांबली.

"ताई, त्याला नागडा नको ठेवू," ती म्हणाली. "उद्या आनखी कुनी टिकाव मारंल."

कुसाबाईंनी घरून शेंदूर आणला. तिळाच्या तेलात कालवला, आणि बाण उघडा ठेवून बाकी दगडाला लावला. मातीपाशी बोट थांबलं. थोड्या वेळानं एक मुंगी दगडावर चढली, मग तिच्यामागून दुसरी.

छायानं टेप काढली. टोक दगडाला टेकवलं आणि फीत मळ्याकडे ओढली. दोन मीटरवर टेपची लोखंडी डबी हातातून निसटून खाली पडली.

ठण्ण.

ठमाबाईनं मान वळवली. गाठोडं खाली ठेवून ती तिथे आली, वाकली आणि तळहात जमिनीवर ठेवला. उन्हानं तापलेला काळा कातळ होता.

"हा होय," ती म्हणाली. "हा फोडला असता त्यानं. हातं सोलली असती, पन फोडला असता."